धडधड थांबेपर्यंत थांबू नका

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहणाऱ्या एका तरुणाला मुलींशी बोलण्याची विलक्षण धास्ती होती. वय १९. बागेत जाऊन बसायचं, दुरून बघायचं आणि काहीतरी सबब सांगून घरी परतायचं, हा त्याचा क्रम. शेवटी त्याने स्वतःलाच एक गृहपाठ घातला. महिनाभर रोज ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि मिनिटभराच्या आत बोलायला सुरुवात करायची. सबबी चालणार नाहीत. पुढे त्याने स्वतःच सांगितलेला हिशोब असा : १३० स्त्रियांच्या शेजारी तो बसला. ३० जणी लगेच उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी त्याचं बोलणं झालं. त्यांतली एकच पुन्हा भेटायला तयार झाली आणि तीही ठरल्या वेळी आली नाही.

हा तरुण म्हणजे अल्बर्ट एलिस. १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी मानसोपचारतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली ती कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला होता. बागेतल्या त्या महिन्यात एलिस यांच्या पदरी यश असं काही पडलंच नाही, पण भीती मात्र गेली. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी पोलिसांना बोलावलं नाही. नकार मिळाला, मनाला लागला आणि तरी पुढच्या बाकावर बसता आलं.

एलिस यांचा आग्रह असा, की माणूस प्रसंगाने जितका खचतो त्याहून अधिक ‘हे मला सहनच होणार नाही’ या स्वतःच्याच वाक्याने खचतो. एका माणसाच्या आठवणीवरून शास्त्र उभं राहत नाही, हे खरंच. पण गेल्या काही दशकांत चिंता, आघात आणि मनाची सहनशक्ती यांवर झालेलं बरंच संशोधन याच दिशेने बोट दाखवतं. अस्वस्थता संपायची वाट पाहणाऱ्याची अस्वस्थता लांबत जाते. ती सोबत घेऊन काम करणं हे एक कौशल्य आहे आणि ते शिकता येतं.

टाळल्याने काय होतं?

समजा, एखाद्याला गर्दीच्या लोकलमध्ये अचानक धडधडायला लागलं, श्वास कोंडला आणि तो पुढच्याच स्टेशनवर उतरला. उतरताच बरं वाटलं. हे ‘बरं वाटणं’च पुढच्या अडचणीचं मूळ ठरतं. दुसऱ्या दिवशी तो गर्दीची गाडी सोडतो, आठवड्याने लोकलच सोडतो, महिन्याने त्या वाटेवरच्या नातेवाइकांकडे जाणंही बंद होतं. ओ. होबार्ट मॉवरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये ही साखळी मांडली होती. भीती एखाद्या प्रसंगाशी जोडली जाते ती योगायोगाने, पण टिकते ती टाळल्यानंतर मिळणाऱ्या सुटकेमुळे. टाळलं की सुटका मिळते, आणि सुटका मिळाली की टाळण्याची सवय पक्की होते. गाडीत बसून राहिलो असतो तर काय झालं असतं, हे कळायची संधीच मिळत नाही.

ही साखळी तोडण्याचा पहिला नीट नोंदलेला प्रयोग १९२४ चा आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याला आवडता खाऊ द्यायचा आणि ससा दररोज थोडा जवळ आणायचा, असा क्रम ठेवला. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. आज ‘एक्स्पोजर थेरपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपचाराचं हे अगदी सुरुवातीचं रूप. चिंताविकारांवर सर्वाधिक पुरावा असलेल्या उपचारांत आज तिची गणना होते.

टाळण्याचे काही प्रकार मात्र चटकन ओळखू येत नाहीत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये त्यांच्याकडे लक्ष वेधलं. माणूस लोकलमध्ये चढतो, पण दाराशीच उभा राहतो. सभेत बोलतो, पण एक एक शब्द लिहून आणलेला असतो. बाहेर पडतो, पण खिशात गोळी आणि सोबत भाऊ असल्याशिवाय नाही. वेळ निभावते. मात्र श्रेय जातं गोळीला आणि भावाला, ‘मला जमलं’ हे मनात रुजत नाही. आपल्या अशा कुबड्या ओळखण्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही गोष्ट जवळ नसती तर मी गेलो असतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती हळूहळू सोडायच्या यादीत जाते.

भीतीची भीती

काही माणसांना बाहेरच्या प्रसंगापेक्षा स्वतःच्या शरीराचीच जास्त भीती वाटते. छातीत धडधडलं की ‘अटॅक आला’, चक्कर आली की ‘आता पडणार’, विचार सुटे वाटले की ‘वेड लागणार’. ऑक्सफर्डमध्ये संशोधन करणाऱ्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिक अटॅकचं चक्र याच धाग्याने उलगडून दाखवलं. शरीरात एखादी साधी खूण उमटते, तिचा भयंकर अर्थ लावला जातो, त्याने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड हाच भयंकर अर्थाचा पुरावा ठरतो.

शरीरातल्या या खुणांना घाबरण्याची प्रवृत्ती माणसागणिक कमीजास्त असते. स्टीव्हन रीस आणि रिचर्ड मॅकनॅली यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. पुढे अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत नव्याने दाखल झालेल्या छात्रांना प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच ती भरायला दिली गेली. नंतरच्या काही आठवड्यांत प्रत्येकाच्याच वाट्याला कडक शिस्त, अपुरी झोप आणि आरडाओरडा आला. ज्यांना आधीपासून शरीराच्या खुणांची जास्त भीती होती, त्यांच्यात पॅनिक अटॅकचं प्रमाण जास्त निघालं. ताण सर्वांवर होता, फरक त्याचा अर्थ लावण्यात होता.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकताना उफराटाच वाटतो. डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या उपचारात रुग्णाला नेमक्या त्याच संवेदना मुद्दाम अनुभवायला लावतात. मिनिटभर जागच्या जागी धावायचं म्हणजे धडधड होते. फिरत्या खुर्चीवर गोल फिरायचं म्हणजे चक्कर येते. बारीक नळीतून श्वास घ्यायचा म्हणजे कोंडल्यासारखं वाटतं. पुन्हा पुन्हा केल्यावर मनाला पटतं, की या संवेदना नकोशा आहेत, पण धोक्याच्या नाहीत.

मात्र एक काळजी आधी घ्यायला हवी. छातीत दुखणं, श्वास लागणं किंवा भोवळ हे ‘टेन्शनचं’ आहे असं घरबसल्या ठरवू नये. पहिल्यांदा असं झालं तर डॉक्टरांकडून हृदय, थायरॉइड, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर वरचे व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत.

पायऱ्या कशा आखाव्यात?

भीतीला सामोरं जायचं म्हणजे एकदम खोल पाण्यात उडी मारायची नाही. पायऱ्या आखायच्या. नवव्या मजल्यावर राहूनही लिफ्ट टाळणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊ. पहिली पायरी : लिफ्टचं दार उघडं ठेवून आत उभं राहणं. दुसरी : कोणाच्या तरी सोबतीने एक मजला. तिसरी : एकट्याने एक मजला. मग तीन मजले, मग नऊ, मग भरलेल्या लिफ्टमधून, मग अनोळखी इमारतीत. प्रत्येक पायरीपुढे शून्य ते शंभर या मापात अपेक्षित भीती लिहायची आणि चाळिसाच्या आसपासच्या पायरीपासून सुरुवात करायची.

पूर्वी उपचारतज्ज्ञ सांगत, की भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मिशेल क्रास्के यांनी हे गृहीतक तपासून पाहिलं. सरावाच्या वेळी भीती किती उतरली यावरून पुढे माणूस किती बरा होईल याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही, असं त्यांना दिसलं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव तयार होतो आणि तो पुरेसा बळकट झाला की जुनीवर मात करतो. या संशोधनातून सरावासाठी चार गोष्टी हाती लागतात.

पहिली : आधी भाकीत लिहावं. ‘लिफ्ट मध्येच अडकेल, मी गुदमरेन आणि ओरडत सुटेन’ इतकं स्पष्ट. परत आल्यावर समोर लिहावं, काय झालं. भाकीत आणि घडलेलं यांत जेवढं अंतर, तेवढी शिकवण पक्की.

दुसरी : ‘भीती गेली का?’ असं न विचारता ‘भीती असताना जमलं का?’ असं विचारावं. नवव्या मजल्यावर पोचताना हात थरथरत असतील, तरी तो सराव यशस्वी.

तिसरी : जागा, वेळ, सोबत बदलत राहावी. फक्त आपल्याच सोसायटीच्या लिफ्टमध्ये, फक्त सकाळी सराव केला तर धीरही तेवढ्यापुरताच राहतो.

चौथी : कुबड्या एकेक करून सोडाव्यात. पाण्याची बाटली, हातातला फोन, मनातल्या मनातले आकडे. सगळ्या एकाच दिवशी टाकायची गरज नाही.

एखादी पायरी फसली तर खालच्या पायरीवर यावं, सराव मात्र सोडू नये. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज थोडा वेळ केलेला सराव सुरुवातीला अधिक उपयोगी पडतो.

विचार दाबू नका, त्यांना वेळ द्या

‘विचारच करू नकोस’ हा घरोघरी मिळणारा सल्ला. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत तपासला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. त्यानंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल आलं ते सुरुवातीपासून मुभा असलेल्या विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त वेळा. दाबलेला विचार दुप्पट जोराने उसळतो म्हणतात, त्याला असा आधार मिळाला.

मग करावं काय? पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८० च्या दशकात एक साधी युक्ती तपासली. काळजीसाठी रोजची वेळ आणि जागा ठरवायची. समजा, संध्याकाळी सहा ते साडेसहा, गॅलरीतली खुर्ची. दिवसभरात काळजीचा विचार आला की तो कागदावर दोन शब्दांत टिपायचा, ‘सहाला बघू’ म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे परतायचं. सहा वाजता मात्र खरोखर बसायचं आणि यादी घेऊन मनसोक्त काळजी करायची. ज्यावर काही करता येईल त्यापुढे पहिलं पाऊल लिहायचं, उरलेलं तसंच सोडायचं. अंथरूण ही काळजीची जागा ठेवू नये, आणि झोपण्याच्या अगदी आधीची वेळही नको.

दुसरी युक्ती भावनेला नाव देण्याची. कोळ्याला घाबरणाऱ्या लोकांवर क्रास्के यांच्या गटाने २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. भल्या मोठ्या जिवंत कोळ्याजवळ जाताना एका गटाने ‘मला या किळसवाण्या कोळ्याची भीती वाटते आहे’ असं सरळ बोलून दाखवायचं होतं. दुसऱ्या गटाने ‘तो पिंजऱ्यात आहे, काही करणार नाही’ अशी समजूत घालायची होती. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर आणल्यावर भीतीला नाव देणाऱ्यांच्या शरीराची घाबरण्याची प्रतिक्रिया कमी आढळली. नाव जितकं नेमकं तितकं चांगलं. नुसतं ‘टेन्शन आलंय’ म्हणण्यापेक्षा ‘उद्या साहेब सगळ्यांसमोर बोलतील याची लाज वाटते आहे’ असं म्हटलं की पुढे काय करायचं तेही सुचतं.

सहनशक्ती मोजली जाते ती अशी

मानसिक त्रास सोसण्याची ताकद मोजायला संशोधकांनी बरेच चमत्कारिक प्रकार शोधले आहेत. बर्फाच्या पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो, श्वास किती वेळ रोखता येतो, आरशात बघून तारा गिरवताना चूक झाली की कर्कश आवाज होतो तरी माणूस किती वेळ टिकतो. रिचर्ड ब्राउन, कार्ल लेह्वेझ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांची अशी तुलना केली. आधीच्या प्रयत्नांत सिगारेट सोडून जे एक दिवसही राहू शकले नव्हते, ते तीन महिने राहिलेल्यांच्या मानाने असल्या कसोट्यांमध्ये लवकर माघार घेत. सिगारेट, दारू, रागाच्या भरात भिरकावलेला फोन, मध्यरात्री पाठवलेला लांबलचक मेसेज, यांच्या मुळाशी अनेकदा एकच घाई असते : ही घालमेल आत्ताच्या आत्ता थांबली पाहिजे.

या संशोधनातली एक बाब दिलासा देणारी आहे. ‘मला त्रास अजिबात सोसवत नाही’ असं प्रश्नावलीत लिहिणारे लोक प्रत्यक्ष कसोटीत कमी टिकतातच असं नाही. आपल्याला किती झेपेल याचा स्वतःचा अंदाज आणि प्रत्यक्ष कुवत यांचा मेळ फारसा बसत नाही.

कडेलोटाच्या क्षणी

भावनेचा कल्लोळ इतका असतो की पायऱ्या, भाकितं, नोंदी काही सुचत नाही, असे प्रसंगही येतात. त्यांच्यासाठीची साधनं घडवली मार्शा लिनेहान यांनी. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांसाठी उपचारपद्धती तयार केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाल्याचं दिसलं. पुढे २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की १७ व्या वर्षी आपणही हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होतो. ही घोषणा त्यांनी त्याच संस्थेत जाऊन केली.

त्यांच्या साधनांपैकी तीन घरी वापरता येण्याजोगी आहेत. एक, थंड पाणी. वाकून, श्वास रोखून चेहरा गार पाण्यात अर्धा मिनिट बुडवला किंवा डोळ्यांभोवती गार ओला रुमाल दाबून धरला, की शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया म्हणून हृदयाचे ठोके मंदावतात. हृदयाचा आजार असलेल्यांनी, ठोके मंदावणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि खाण्याशी संबंधित विकार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं. दोन, श्वास. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. चार आकडे आत, सहा-सात आकडे बाहेर, पाचेक मिनिटं. तीन, फायद्या-तोट्याचा कागद. मन शांत असतानाच लिहून ठेवायचं, की झटक्यात वागलो तर लगेच काय मिळतं आणि उद्या काय भोगावं लागतं, आणि थांबलो तर काय. कागद पाकिटात ठेवायचा, कारण ऐन वेळी डोकं चालत नाही.

ही साधनं संकटकाळासाठी आहेत. प्रत्येक लहानसहान धाकधुकीला गार पाणी आणि श्वासाचे आकडे वापरू लागलो, तर त्यांचीही कुबडी होते.

आघातानंतर

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून किल्लारी आणि परिसरातली गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. अशा प्रसंगातून वाचलेल्यांचं मन पुढे कसं चालतं, हे समजायला ‘आघातोत्तर ताणविकार’ हे निदान तोपर्यंत जेमतेम १३ वर्षांचं होतं. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या नियमावलीत ते १९८० मध्ये आलं.

तेव्हापासूनच्या संशोधनाने दोन टोकांचे समज मोडले. ‘आघात झाला म्हणजे माणूस आयुष्यातून उठला’ हा एक. जॉर्ज बोनॅनो यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क परिसरात केलेल्या पाहणीत सुमारे ६५ टक्के लोकांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आघाताचं एखादंच लक्षण होतं किंवा एकही नव्हतं. ‘काळ गेला की आपोआप सगळं बरं होतं’ हा दुसरा. बार्बरा रॉथबॉम आणि एडना फोआ यांनी बलात्कारपीडित स्त्रियांची नियमित तपासणी केली. घटनेनंतर दोनेक आठवड्यांत ९४ टक्के स्त्रियांत आघाताची पुरेशी लक्षणं होती. तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं. निम्म्या स्त्रिया औपचारिक उपचारांविना सावरत होत्या, पण जवळजवळ निम्म्या तिथेच अडकून पडल्या होत्या.

सुरुवातीच्या दिवसांत करायच्या मदतीबद्दलही मत बदललं. एके काळी दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून घडलेलं तपशीलवार बोलायला लावत. जोनाथन बिसन यांनी १९९७ मध्ये भाजलेल्या रुग्णांवर अभ्यास केला. असं बोलायला लावलेल्यांपैकी २६ टक्क्यांना १३ महिन्यांनी ताणविकार होता, तसं बोलायला न लावलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. पहिल्या गटातल्या रुग्णांच्या जखमा मुळातच अधिक गंभीर होत्या, म्हणून या आकड्यांचा अर्थ जपून लावायला हवा. तरी पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यातही या पद्धतीचा फायदा दिसला नाही.

त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या मार्गदर्शिकेत तीन कामं सांगितली : पाहा, ऐका, जोडून द्या. आधी माणूस सुरक्षित आहे का, त्याला पाणी, कपडे, औषध हवं आहे का ते पाहायचं. तो बोलला तर ऐकायचं, तपशील खोदायचे नाहीत. आणि नातेवाईक, डॉक्टर, सरकारी मदत यांच्याशी त्याला जोडून द्यायचं. अपघातातून आलेल्या शेजाऱ्याला ‘नक्की कसं झालं सांग ना’ म्हणण्यापेक्षा ‘आज डबा आम्ही देतो’ म्हणणं केव्हाही चांगलं.

महिना उलटल्यावरही दुःस्वप्नं, प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखं वाटणं, आवाजाने दचकणं, ती जागा किंवा तो विषय टाळणं चालू असेल आणि काम, झोप, नाती यांवर त्याचा परिणाम होत असेल, तर तज्ज्ञांकडे जावं. फोआ यांनी विकसित केलेल्या उपचारात आठवणींना सुरक्षित वातावरणात, टप्प्याटप्प्याने सामोरं नेतात. हा उपचार घरच्या घरी, एखादा व्हिडिओ पाहून करण्यातला नाही.

घरातल्यांनी काय करावं?

आपल्याकडे चिंता एकट्याची क्वचितच असते. मुलगी पाहुण्यांसमोर बोलत नाही म्हणून आई तिच्या वतीने उत्तरं देते. मुलगा एकटा झोपायला घाबरतो म्हणून बाबा दहाव्या वर्षीही शेजारी झोपतात. यामागे माया असते, पण टाळण्याची साखळी आता दोघं मिळून चालवतात. येल विद्यापीठाच्या एली लेबोविट्झ यांनी २०२० मध्ये ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांवर थेट उपचार केले. उरलेल्यांच्या बाबतीत मुलांना न भेटता फक्त पालकांना १२ सत्रांत शिकवलं. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली.

पालकांना शिकवलेली गोष्ट दोन भागांची आहे. पहिला भाग बोलण्याचा : ‘तुला भीती वाटते हे मला कळतं आणि तुला जमेल याची मला खात्री आहे.’ दोन्ही अर्धी वाक्यं हवीत. नुसतं पहिलं म्हटलं तर लाड होतात, नुसतं दुसरं म्हटलं तर दरडावणं. दुसरा भाग कृतीचा : आपण पुरवत असलेल्या मदतीतली एक गोष्ट निवडायची, मुलाला आधी सांगायचं आणि मग ती हळूहळू कमी करायची. रडारड होईल, आजी मध्ये पडेल. म्हणून घरातल्या सगळ्या मोठ्यांचं आधीच एकमत करून घ्यावं.

काय सोसायचं नाही

या सगळ्या संशोधनाचा उलटा अर्थ काढणं फार सोपं आहे. ‘सोस जरा, सवय होईल’ हे वाक्य आपल्याकडे सुनांना, शिकाऊ कामगारांना, वसतिगृहातल्या पोरांना पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलं आहे. इथे सांगितलेला सराव धोका नसताना वाटणाऱ्या भीतीसाठी आहे. मारहाण, छळ, रॅगिंग, कामाच्या ठिकाणचा लैंगिक त्रास यांत धोका खरा असतो. तिथली भीती योग्य काम करत असते आणि तिथून बाहेर पडणं याला टाळाटाळ म्हणत नाहीत. तातडीच्या वेळी ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या यांनी घालमेल त्या रात्रीपुरती शमते आणि सवय मागे उरते. डॉक्टरांनी दिलेली औषधंही मनाने एकदम बंद करू नयेत.

मदत महागच असते असं नाही

गोव्यातल्या संगाथ संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने केलेला ‘मानस’ हा प्रयोग २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने त्यात होते. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमलं आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांची, मनोविकारतज्ज्ञांची जोड दिली. सहा महिन्यांनी नैराश्य आणि चिंतेचे सुमारे ६५ टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ५३ टक्के. खासगी दवाखान्यांत फरक स्पष्ट दिसला नाही, सरकारी केंद्रांत मात्र तो ठळक होता. नीट शिकवलेलं, साधं, स्थानिक माणूसही मोठं काम करू शकतं, हे त्यातून दिसलं.

चिंता बरेच आठवडे रोज सतावत असेल, झोप-भूक-काम बिघडलं असेल, घराबाहेर पडणं कमी होत चाललं असेल, तर सरकारी किंवा खासगी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात एकदा दाखवावं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येतं. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर सरावाच्या पायऱ्या बाजूला ठेवा, जवळच्या माणसाला सांगा आणि हा क्रमांक आजच लावा. तसं काही नसेल, तर बरेच दिवस टाळलेली एक लहानशी गोष्ट आज कागदावर लिहा, तिच्यासमोर आपलं भाकीत लिहा आणि या आठवड्यात ती करून पाहा.